अर्ध्या जगाची चादर

मी चादर. सोलापूरची म्हणून लगेच अंगावर ओढून घेऊ नका. मला भिंतीवर टांगतात. माझ्या अंगावर मोर नाही, कमळ नाही, सबंध जग आहे. सबंध म्हणजे… थांबा, तीच तर गोष्ट आहे. त्यात माझी काडीची चूक नव्हती, तरी हसं माझं झालं, आणि ते मी अजून विसरलेले नाही.

माझा जन्म अक्कलकोट रोड एमआयडीसीतला. पत्र्याच्या शेडखाली माग असे खडखडतात, की शेजारच्याला वेळ विचारायची तरी ओरडावं लागतं. मला विणलं रेवणप्पानं. तीस वर्षं मागावर काढलेला माणूस. बोलायला कमी, हाताला पक्का. चौथीत शाळा सुटली, पण चौकटीच्या कागदावर नक्षी काढावी, तिच्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडावीत, ती पुठ्ठ्यांची माळ मागावरच्या नक्षी उतरवणाऱ्या जकार्ड यंत्राला चढवावी, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. माझ्या बहिणी हजारांनी निघतात. मी मात्र एकटीच. मालकाला विचारून, चार सुट्ट्या मोडून त्यानं मला केलं.

का केलं, ते ऐकाल तर तुम्हालाही वाईट वाटेल.

रेवणप्पाची लेक महेश्वरी. दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले, आणि पोरीनं अकरावीला आर्ट्स घेतलं. का, तर तिथं दीक्षा मॅडम इतिहास शिकवतात म्हणून! रेवणप्पाला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. "आर्ट्स काय, नापासाच्या काठावरची पोरं घेत्यात की. तू सायन्सची हायस." पोरगी रडली, जेवली नाही, पण ऐकेना. शाखा बदलायला अजून मुभा होती. त्यानं ठरवलं, सरळ जायचं आणि अर्ज देऊन आर्ट्समधून पोरीचं नाव काढायचं.

पण मॅडमच्या दारात पोरगी परत मागायला रिकाम्या हातानं कसं जायचं? आमच्याकडं तशी रीत नाही. वर्गातला जगाचा नकाशा फाटलाय, हे महेश्वरीनं कधीतरी घरी सांगितलेलं. झालं, त्याला मी सुचले. म्हणजे बघा, मी निरोपाची भेट.

माझी घडी घालताना त्याची बायको गंगम्मा पुटपुटत होती, "बेडा! नको म्हनते मी. चादर बी देताय अन् पोरगी बी काढताय. एकच काय तरी करा की." रेवणप्पानं मला पिशवीत घातलं. त्यालाही कुठं बरं वाटत होतं?

आता माझ्या अंगावरचा घोटाळा सांगते. आम्हा चादरींची नक्षी कधी पूर्ण काढत नाहीत. डावं अर्धं काढायचं. जकार्डची बांधणीच अशी असते, की तेच उलटं होऊन उजवीकडं आपोआप उतरतं. एक मोर काढला की समोर दुसरा मोर हजर. रेवणप्पाच्या बोटांना तीस वर्षं तीच सवय. त्यानं नकाशातला आपला देश असलेला अर्धा भाग घेतला, मन लावून काढला, आणि उरलेलं अर्धं नेहमीसारखं मागावर सोडून दिलं. मी मागावरून उतरले तेव्हा त्यानं मला उजेडात धरून पारखलं. कुठं धागा तुटलाय का, काठ सरळ आहे का, दोन्ही बाजू सारख्या आहेत का? सगळं ठीक. त्यानं चादर बघितली, जग बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात आला. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात अर्ज. दीक्षा मॅडमचा तास नुकताच सुरू झालेला. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत. त्यानं दारातूनच महेश्वरीचा बाप म्हणून नाव सांगितलं आणि वर्गासाठी नकाशा आणलाय म्हणत पिशवी पुढं केली. "या की, बसा मागं. तास झाला की बोलू," म्हणाल्या आणि पिशवीतून मला काढून, दोन पोरींच्या हाती टोकं देऊन फळ्यावर पसरलं.

पोरांनी माना पुढं काढून बघितलं. मग जो हशा उसळला म्हणता!

"मॅडम, दोन भारत!"

"दोन आफ्रिका!"

"आन् अमेरिका कुटं गेली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महेश्वरीनं मान खाली घातली ती वर करेना. रेवणप्पा उठून पुढं आला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "द्या मॅडम, हिकडं द्या. चूक झाली. घडी करा तिची."

मॅडम हसल्या नाहीत. "घडी नंतर करू. हे कसं झालं, ते पोरांना सांगा आधी."

मागावरचा माणूस वर्गासमोर काय बोलणार? पण कामाचं विचारलं होतं, म्हणून तो बोलला. "आमच्यात अर्धंच काढत्यात. आपल्या बाजूचं. दुसरं अर्धं तसंच आसतंय म्हनून धरायचं."

"ऐकलंत?" मॅडम वर्गाकडं वळल्या. "आपणही इतिहास असाच शिकतो. आपल्या बाजूचं काढायचं, आणि पलीकडची माणसंही तशीच असणार म्हणून धरायचं. रेवणप्पांनी निदान कबूल तरी केलं. बरं, अमेरिका गेली. आपलं काय अडलं?"

मॅडमनीच लगेच पुढचं विचारलं.

"डब्यात शेंगा चटणी कुणाकुणाच्या आहे?"

निम्म्या वर्गानं हात वर केले. "भुईमुगाची शेंगही तिकडचीच, मिरचीही तिकडचीच. चारपाचशे वर्षांपूर्वी जहाजांतून आली. आता ह्या चादरीप्रमाणं डबा उघडा, नुसती भाकरी उरेल."

पोरं हसली, पण ह्या खेपेला मला नाही हसली. मग मॅडमनी कापसाचं काढलं. तिकडं कापसाचे मोठमोठे मळे होते, विकत आणलेली गुलाम माणसं तिथं राबायची. त्यांच्या गुलामीवरून तिथं लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसाकडं वळल्या. इथल्या शेतात, बाजारात त्याची उलथापालथ झाली. रेवणप्पा उभ्याउभ्या ऐकत होता. आयुष्यभर सूत हाताळलं, पण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"इकत आनलेली मानसं?" त्यानं हळूच विचारलं. "लेकराबाळांसकट?"

"लेकरंसुद्धा विकायचे. आईपासून तोडून."

तो माझ्याकडं बघत राहिला. माझ्याकडं, म्हणजे जे माझ्यावर नव्हतं त्याच्याकडं. मग म्हणाला, "मॅडम, एक इचारू? ती तिकडली मानसं आमच्याबद्दल काय शिकत्यात? का त्यांच्या बी चादरीवर आमी न्हाईच?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. इतक्या वर्षांत असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "खरं सांगू? मला नाही माहीत. मी कधी शोधलं नाही."

"मग कोन शोधनार?"

"ज्याला तळमळ असेल तो. बारावी, बी.ए., एम.ए., मग तिथून पुढं."

"लई वरसं लागत्यात की."

"लागतात."

रेवणप्पा लेकीकडं वळला. "तुला सापडंल का गं?"

महेश्वरी उभी राहिली. "माहीत नाही, अप्पा. पण शोधीन."

त्याचा हात वरच्या खिशाकडं गेला. माझा तर जीव टांगणीला लागला. त्यानं खिसा नुसता चाचपला आणि हात खाली घेतला. "मॅडम, मी एका कामाला आलतो. ते ऱ्हाऊ द्या. पोरगी हितंच शिकू द्या."

ह्या गोष्टीला चार वर्षं झाली. मी अजून ह्याच भिंतीवर आहे. खिळ्यापाशी विरले आहे, रंग उडालाय, आणि डस्टर सापडलं नाही की एक मास्तर माझ्या टोकानं फळा पुसतात. त्यांचं नाव सांगत नाही, पण लाज वाटायला हवी. महेश्वरी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दरवर्षी नवी पोरं येतात, मला बघून खो-खो हसतात. हसा बापड्यांनो, मला आता त्याचं काही वाटत नाही. फक्त हसून झालं की माझ्यावर कोण नाही ते बघा, आणि त्यांची चौकशी करा, एवढंच माझं मागणं आहे.

रेवणप्पाही सुट्टीच्या दिवशी कधीमधी येतो. परवा पालकसभेला एक नवा पालक माझ्याखाली उभा होता, चेहऱ्यावर काळजी. त्यानं रेवणप्पाला विचारलं, "तुमची पोरगी आर्ट्सला हाय म्हनं. काय शिकती काय नेमकं?"

रेवणप्पानं माझ्याकडं बोट केलं. "मी हितं अर्धं जग इसरलो," तो म्हणाला. "ती ते हुडकायला गेलीय."