मराठीचा कौल

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या घरात गणिताचा कौल चालला होता.

बाबा म्हणजे जयवंत परब, वय त्रेपन्न, दहावीच्या निकालाची वाट पाहणारे विद्यार्थी. संपानंतर त्यांची परळची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. तेव्हापासून ते इथे मरोळच्या एका कारखान्यात गेटवर वॉचमन होते. साहेब म्हणाले होते, दहावी पास व्हा, स्टोअरमध्ये घेतो, सावलीत बसाल. म्हणून रात्रशाळा, आणि म्हणून मार्चमधली परीक्षा. आता जून उजाडला होता. उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात काढलेल्या या माणसाला निकालाची शांतता मात्र सोसेना. त्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले, मग शेजाऱ्यांचे केले. एक शेजारी गळका नळ बाबांपासून लपवू लागला, तेव्हा ते देवाकडे वळले.

आमच्या गावी देवाला काही विचारायचं तर गुरव पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. मरोळच्या चाळीत गुरव कुठून आणणार? बाबांनी तांब्यावर नारळ ठेवला, त्याला रवळनाथ मानलं आणि गुरवकी स्वतःकडे घेतली. म्हणजे विचारणारे तेच, कळ्या लावणारे तेच आणि देव काय म्हणाला हे ठरवणारेही तेच.

त्या रविवारी गिल्बर्ट अंकल आले होते. मरोळ गावठाणातले गिल्बर्ट परेरा कारखान्यात वायरमन होते आणि रात्रशाळेत बाबांचे बाकमित्र. परीक्षेतही परबांच्या मागे परेरा असाच नंबर आला होता. त्यांचाही निकाल लागायचा होता.

"मी काल वांद्र्याला माउंट मेरीच्या चर्चमध्ये जाऊन आलो," ते चहाचा कप घेत म्हणाले. "म्हटलं, मेणाची मार्कशीट वाहू. तिथं हात मिळतो, पाय मिळतो, घर मिळतं, बाळ मिळतं. मार्कशीट नाय मिळत."

"मगे?" बाबांनी विचारलं.

"मग डोकं वाहिलं."

"तुझा?"

"माझंच. तुझ्यासाठी पण बघत होतो, पण एवढं मोठं नव्हतं."

"मोठा कित्याक होया?" आई मोरीतून म्हणाली. "आत घालूचा काय हा?"

बाबांनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून नारळाच्या दोन बाजूंना चिकटवल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा, आज ह्या मरोळ मुक्कामी तुझा लेकरू जयवंत तुका गाऱ्हाणा घालता, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई मोरीतून म्हणाली. हात धुण्यात असले तरी ती हे चुकवत नसे.

"बीजगणितात जा काय इकडचा तिकडे झाला असात, ता सरळ कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता गिल्बर्ट अंकलही ओरडले. आईपेक्षा त्यांचा आवाज मोठा होता.

"पेपर तपासणाऱ्याक सकाळचो चाय वेळेवर मिळांदे, त्येचा बायकोवांगडा भांडान नको होवंदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा! आणि माझा पण पेपर त्याच्याकडेच जाऊ दे!"

"मधी बोला नको. माझो देव गोंधळता."

मग सगळे कळ्यांकडे बघत बसले. कळ्या हलेनात. आई धुणं वाळत घालून आली, तरी हलेनात. अंकलचा दुसरा चहा झाला. देवाला बहुधा बीजगणित जड जात होतं.

"तो देव हा की सरकारी हापिस?" असं म्हणत आईने पंखा लावला.

डावीकडची कळी टपकन पडली.

म्हणजे नकार. मग अंकलनीच विचारलं, "जयवंता, हा तुमचा उजवा म्हणजे आपला उजवा, की देवाचा?"

बाबांचा चेहरा उजळला. "देवाचो! देव आपल्याकडे तोंड करून बसलो हा. त्येचो उजवो तो आपलो डावो. वनमाला, गणित सुटला!"

"आणि काल इंग्रजीची कळी आपल्या उजवीकडे पडलेली, तेव्हा?" मी विचारलं. घरात शंका काढायचं काम माझ्याकडे, म्हणजे लेकीकडे, होतं.

"काल देव पाठमोरो होतो," बाबा जराही न अडखळता म्हणाले.

अशा रीतीने इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास सगळे उजवे झाले. "मराठीचा कौल नाही लावलात?" मी विचारलं.

बाबा माझ्याकडे बघून हसले. "मराठीचो कौल? देवाक उगाच त्रास कशाक? आवशीच्या भाशेत कोण नापास होता? सगळ्यात चांगलो पेपर तोच गेलो माका."

अंकल कपात बघत राहिले. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बिस्कीट घातलं.

सोमवारी सकाळी, कामावर जायला चपला घालताना, बाबा उंबऱ्यातच बसले आणि गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. बाकीचं मी लिहीत नाही.

दिवसकार्य आटोपलं आणि मग निकाल लागला. शाळेत जायला मला धीर होईना. अंकल जाऊन आले. ते दारातच उभे राहिले, आत येईनात. दोन्ही मार्कशीटा शर्टाच्या आत धरल्या होत्या.

"तुझा काय झाला?" आईने विचारलं.

"पास, वहिनी. थर्ड क्लास."

"डोक्याचो उपेग झालो म्हणायचो." आईने त्यांच्या हातावर गूळ ठेवला. मग थांबून विचारलं, "आणि ह्यांचा?"

आई इतके दिवस फारशी बोलली नव्हती. पण रोज संध्याकाळी ती मला विचारायची, लागला काय गो? सावलीतली नोकरी आता कुणाला नको होती. तिला फक्त ते पास झाले एवढं ऐकायचं होतं, आणि ते मला माहीत होतं. मी अंकलकडे अशा नजरेने पाहिलं, की कसंही करून पास म्हणा.

पण अंकलना खोटं बोलता येत नसे. "गणितात बेचाळीस," ते म्हणाले. "इंग्लिश छत्तीस. सायन्स, इतिहास, सगळं निघालं, वहिनी. फक्त एक राहिला."

"खयचो?"

"मराठी. सतरा."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे खांदे हलू लागले. मी तिला धरायला उठले, तर ती हसत होती. "आवशीच्या भाशेत!" ती पदर तोंडावर दाबत म्हणाली. "गो बाये, आवशीच्या भाशेत!" मग मीही हसले, अंकलही हसले. शेजारीण घाबरून डोकावून गेली.

"पण झालं काय?" मी विचारलं. "सगळा अभ्यास झाला होता."

अंकल अखेर आत येऊन बसले. "निबंध," ते म्हणाले. "बंद पडलेल्या गिरणीचे मनोगत. पहिलाच प्रश्न. जयवंत तिथंच थांबला. पुरवणीवर पुरवणी मागत होता. मी मागून पेन टोचलं, म्हटलं, अरे, पुढचे प्रश्न? तर म्हणतो, थांब रे, अजून संप सुरू होऊचो हा. शेवटी सरांनी पेपर ओढला, तरी हा लिवतच होता. बाहेर आला तो असा खूश! म्हणाला, घरात सांगू नको, बाय रागवात, म्हणजे तू. मी त्या रविवारी सांगणार होतो, बेटा."

आई डोळे पुसत होती. मी मार्कशीट हातात घेतली. निबंधाला वीस गुण असतात. बाकीचा पेपर कोरा, म्हणजे ते सतरा सगळे निबंधाचेच. वीसपैकी सतरा. निबंधाला इतके कुणी देत नाही. मी शाळेत नेहमी पहिली यायचे, तरी मला बाराच्या वर कधी मिळाले नव्हते. कुठल्यातरी अनोळखी मास्तरांनी त्या सगळ्या पुरवण्या शेवटपर्यंत वाचल्या होत्या.

आम्ही मात्र ते कधी ऐकलं नव्हतं. संप फसला तेव्हापासून गिरणी हा शब्द आमच्या घरात निघत नसे. बाबांना लागेल म्हणून आम्ही गप्प, आणि आम्हाला लागेल म्हणून बहुधा ते. मी वाचनालयातून दूरदूरच्या माणसांच्या हकिगती आणून वाचायचे, आणि बाबा समोर खाटेवर बसून मी पान उलटताना बघायचे.

अंकल घरी गेले. आई पुन्हा एकदा "सतरा!" म्हणत चहाचं आधण ठेवायला उठली. मी खाटेसमोर जाऊन बसले, जिथे बसून मी वाचते तिथेच. खाट रिकामी होती. आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले,

"बाबा, संप सुरू झाला. मग पुढे काय झालं, सांगा ना."