जाळायचा नव्हे, वाजवायचा ऊद

राजनंदिनी शेडगेला बघायला शिवतेज पिसाळ आला, तेव्हा त्याने पोहे अर्धेच खाल्ले, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्ही ऐकता काय?"

घरातल्यांना वाटलं, मुलीच्या कानाची चौकशी चाललीय. तिची आई शालन घाईघाईने म्हणाली, "सगळं नीट ऐकू येतं हो तिला. अगदी बारीकसुद्धा."

"तसं नाही. म्युझिक. तुमचं म्युझिक कोणतं?"

"शेजारी लावतील ते," राजनंदिनी म्हणाली. "भिंत पातळ आहे आमची."

तो हसला नाही. उशिरा आणलेल्या पेशंटकडे डॉक्टर बघतात तसं त्याने तिच्याकडे बघितलं.

शेडगे मूळचे सातारा जिल्ह्यातले, आता कोपरखैरण्याला माथाड्यांच्या घरांत राहणारे. वडील शहाजी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात. राजनंदिनी बी.कॉम. झालेली, न्हावा शेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरीला. दिवसभर कंटेनरचे नंबर टाइप करायची. शिवतेज वाईकडचा, ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कंपनीत इंजिनीअर. वडील वारलेले, घरात आई, खांदेश्वरला स्वतःचा फ्लॅट. सत्त्याण्णव साली असं स्थळ म्हणजे लॉटरीच. त्यात मुलाने मुलीला बाहेर न्यायची परवानगी मागितली ती सिनेमाला नाही, तर आपल्याच घरी, आईच्या देखत, वाद्य ऐकायला. शहाजीने पावती देऊन टाकली, "पोरगं देवमाणूस हाय."

देवमाणसाच्या घरात देव मात्र स्वयंपाकघरातल्या फडताळात गेले होते. हॉलमध्ये भिंतीला दोन उंच काळे स्पीकर, मधे काचेच्या कपाटात अ‍ॅम्प्लिफायर, आणि समोर, नेमक्या ठरवलेल्या जागी, एक खुर्ची. खुर्ची शिवतेजची. पाहुण्यांना चटई. त्याने चष्मा पुसायच्या कापडाने सीडी पुसली आणि तिचं कव्हर राजनंदिनीच्या हातात दिलं. त्यावर पोट सुटलेलं, मान मागे मोडल्यासारखं एक तंतुवाद्य होतं.

"हा ऊद," तो म्हणाला. तोवर तो 'तू'वर आला होता. "तू नाव ऐकलेलं असणं शक्य नाही."

त्याची आई यशोदाबाई आतून वाटाणे सोलत म्हणाली, "ऊद? अरे, बाळंतिणीला धुरी देतात तो?"

"आई, तो जाळायचा. हा वाजवायचा." मग राजनंदिनीकडे वळून, आई घरात नाहीच अशा आवाजात, "अरबांचं वाद्य. पण वाजवलाय जॅझमध्ये. खाली बास, मागे ड्रम्स. शब्द नाहीत. शब्द लागतात ते ऐकणारे वेगळे. डोळे मीट."

तिने मिटले. वाजायला लागलं आणि शिवतेज बोलायला लागला. याला पडदे नसतात. हे लाकूड अमुक झाडाचं. आता बघ ड्रमर काय करतो. बघितलंस? नाही कळलं तुला. इथे अरबांचा सूर आहे, तो आपल्या पेटीत नाही. त्या वादकाला बिचाऱ्याला तो श्वास घेऊ देईना. राजनंदिनीला एवढंच कळलं, की कुठेतरी कुणीतरी काहीतरी वाजवतंय आणि मधे शिवतेज उभा आहे.

मग फोन आला. तो उठून आत गेला, आणि तिला पहिल्यांदा ऊद ऐकू आला.

ड्रम्स थांबले होते. बास खालच्या खाली एकच पाऊल पुन्हा पुन्हा टाकत होता. ऊद एकेक स्वर चढत होता, घाई नाही, कोरड्या, जरा घोगऱ्या आवाजात. आता हा वरच्या त्या स्वराला पोचणार असं तिला वाटलं. तो अगदी त्याच्या लगत गेला. पेटीवर जिथे पट्टीच नसते अशा जागी क्षणभर थांबला. आणि वळला. उतरूनसुद्धा गेला. राजनंदिनीने डोळे उघडून स्पीकरकडे बघितलं. का बघितलं ते तिला कळेना, आणि कळेना म्हणून तिला रागही आला.

शिवतेज परत येऊन खुर्चीत बसला. "काय वाटलं?"

"हा माणूस दारापर्यंत येतो," ती म्हणाली, "आणि कडी न वाजवता परत जातो."

"छे," शिवतेज म्हणाला. "असं नाही ऐकायचं. म्युझिकमध्ये गोष्टी शोधायच्या नसतात. ते फार बाळबोध होतं. शिकशील हळूहळू." आणि निघताना त्याच सीडीवरून भरलेली एक कॅसेट त्याने तिला दिली. "यावर गाणीबिणी टेप करू नकोस."

घरी ती ते रोज ऐकायला लागली. शहाजी मार्केटातून येऊन अंघोळ करून बसायचा आणि म्हणायचा, "हे काय लावलंयस? सुतार रंधा मारायलाय, आन् शेजारी कोन भांडी आपटायलंय." शालन म्हणायची, "लावू द्या की. जावयाचं आहे." राजनंदिनीला मात्र ते जावयाचं वाटत नव्हतं. ऑफिसात कंटेनरचे नंबर बडवताना बासचं ते पाऊल तिच्या बोटांत यायचं. फक्त हे वाजवणारा कोण, कुठला, हे शिवतेजला विचारायचं तिच्या जिवावर यायचं, कारण त्याने सांगितलं असतं.

साखरपुड्याची बोलणी चालू झाली आणि शिवतेजने तिला आपल्या मित्रांत नेलं. मित्र म्हणजे वाशीच्या सनीच्या घरी रविवारी सकाळी भरणारं एक टोळकं. सनी मुंबईत जाहिरात कंपनीत होता. त्याच्याकडे चांगला सोफा होता, पण सगळे जमिनीवर बसले होते, कारण सोफ्यावर बसून संगीत कळत नाही असा तिथे नियम असावा. दाढ्या होत्या. खादीचे कुडते होते, इस्त्रीचे. कुणी काही लावलं की सगळे एकदम माना खाली घालायचे, आणि संपलं की आधी कोण बोलतो याची वाट बघायचे. चुकीचं बोलायला नको. पहिला बोलला 'डीप' की मग सगळ्यांना ते डीप वाटायचं. सनीची बायको सुनयना स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली होती. तिने राजनंदिनीला शेजारी जागा करून दिली आणि हळूच म्हणाली, "पाय आखडले तर उठ बिनधास्त. ह्यांना कळत पण नाही."

शिवतेजने ऊद लावला. टोळक्याला तो नवा होता. संपल्यावर माना वर आल्या, पण कुणी बोलेना. एकजण पुटपुटला, "सतारीसारखं आहे जरा." त्यावर दुसरा म्हणाला, "पण सतार नाहीये." इतकी विद्वत्ता झाल्यावर सनीने विचारलं, "शिवतेज, तूच सांग. तू काय ऐकतोस यात?"

शिवतेजने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच तो म्हणाला, "हा माणूस दारापर्यंत येतो. आणि कडी न वाजवता परत जातो."

"ओहो," कुणीतरी म्हणालं.

"वा!" सनी म्हणाला. "काय बोललास! हे लिहून ठेव कुठेतरी."

"छे रे," शिवतेज लाजला. खरोखर लाजला. "ऐकता ऐकता सुचलं."

त्या पवित्र शांततेत राजनंदिनी मोठ्याने हसली. सगळ्या दाढ्या स्वयंपाकघराकडे वळल्या. शिवतेजच्या कपाळावर आठी आली.

"काय गं?" सुनयनाने विचारलं.

"काही नाही. ओळखीचं कोणीतरी भेटलं."

दोघं बसस्टॉपवर आली. शिवतेज म्हणाला, "असं हसायचं नसतं. माझे मित्र आहेत ते."

"ते वाक्य माझं होतं."

"कोणतं?"

"कडीचं."

तो खरंच बुचकळ्यात पडला. चोरी करताना पकडलेला माणूस असा दिसत नाही. स्वतःच्या खिशातली वस्तू कुणी आपली म्हणून मागितली तर माणूस असा दिसतो. "अगं, लग्न ठरतंय आपलं," तो म्हणाला. "आता त्यात माझं-तुझं काय?"

"मग नाव घ्यायचं होतं माझं."

"आणि काय सांगायचं? टायपिंग करणारी माझी होणारी बायको असं म्हणाली? हसले असते ते. मी बोललो म्हणून ते वाक्य झालं, राजनंदिनी. तोवर ते तुझं नुसतं वाटणं होतं."

बस येताना दिसली. इतके दिवस तिने त्याला 'तुम्ही'च म्हटलं होतं.

"शिवतेज," ती म्हणाली, "तू स्पीकर फार चांगला आहेस. वाजतं ते नेहमी दुसऱ्याचं." आणि बसमध्ये चढली.

घरी तिने लग्न करणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा शहाजी ताटावरून उठला. "एका वाक्यापायी? पोरगं दारू पीत न्हाई, तंबाखू खात न्हाई. घर सवताचं. आन् तू वाक्य घिऊन बसलीस?"

"आज वाक्य घेतलं. उद्या मला पोरगं झालं तरी म्हणेल, मला सुचलं."

शालनने पदर तोंडाला लावला, पण हसू दाबलं गेलं नाही.

"तू हसू नगंस," शहाजी ओरडला. मग भिंतीकडे तोंड करून बसला. तिकडेच बघत म्हणाला, "मार्केटात दुसऱ्याच्या थप्पीतलं पोतं उचललं, तर आमी हात धरतो. खरं हाय. पन म्हून कुनी मार्केट सोडून जातं व्हय?"

"मी नाही गेले सोडून. मी हात धरला."

शहाजी पुन्हा ताटावर बसला. पुढे कितीतरी दिवस तो नातेवाइकांना कारण सांगताना पत्रिका जुळली नाही असं सांगायचा. खरं कारण सांगितलं असतं तर लोकांनी पोरीला नाही, बापाला वेड्यात काढलं असतं.

पावसाळा सरला आणि एका संध्याकाळी यशोदाबाई पिसाळ एकटीच कोपरखैरण्याला आली. हातात पिशवी, चेहरा ओढलेला. पाणी प्यायली, आणि पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढून राजनंदिनीपुढे धरली. "हे वाच. याच्यापायी माझा मुलगा जेवत नाहीये."

अर्धं पान भरून म्युझिक सिस्टिमची जाहिरात होती. एका बंद दाराचं चित्र, आणि त्यावर ठळक अक्षरांत: 'तो दारापर्यंत येतो. कडी वाजवत नाही. आत घ्या.'

"त्या सनीने केली म्हणे," यशोदाबाई म्हणाली. "शिवतेजचं वाक्य होतं. मित्राने चोरलं. वकिलाकडे जाऊन आला. म्हणतो, माणसं इतकी नीच कशी असतात?"

राजनंदिनी इतकी हसली, की तिला दाराची चौकट धरावी लागली. यशोदाबाई बघतच राहिली. मग राजनंदिनीने तिला बाहेरच्या खोलीत बसवून सगळं सांगितलं; ते लग्न का मोडलं हे शिवतेजने आईला सांगितलंच नव्हतं. यशोदाबाई ऐकत गेली, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य काही आलं नाही.

"त्याचे वडील असेच होते," ती म्हणाली. "दिवाळीला भाजणी मी भाजायचे, चकल्या मी पाडायचे. आणि पाहुणे आले की हे सांगायचे, यंदा आपल्याला चकली साधली. जन्मभर मला वाटायचं, कौतुकाने म्हणतात."

शालन चहा घेऊन येऊन शेजारी बसली. यशोदाबाईने बशीत चहा ओतला, पण प्यायली नाही. "खरं सांगू? मला पाठवलंय त्याने ती कॅसेट मागायला; लग्न मोडलं, तर दिलेलं परत हवं म्हणे. मला लाज वाटते."

राजनंदिनी उठली आणि टेपरेकॉर्डरमधून कॅसेट काढायला लागली.

"थांब," यशोदाबाई म्हणाली. "आहे तरी काय त्यात? आमच्याकडे ते सुरू झालं की मला हुकूम, आई, कुकर लावू नकोस, आई, नळ बंद कर. घरातल्या घरात चोरासारखी बसते मी. एकदा धड ऐकू तरी दे."

राजनंदिनीने कॅसेट मागे घेऊन लावली आणि काही सांगितलं नाही. ऊद सुरू झाला. यशोदाबाईने आधी तोंड वाकडं केलं. "हे? एवढ्यासाठी माझा कुकर बंद?" थोड्या वेळाने म्हणाली, "दाढ दुखत असल्यासारखा वाजवतोय." शालन म्हणाली, "आमचे हे म्हणतात, रंधा मारतोय." दोघी हसल्या. मग बोलणं आपोआप कमी झालं. यशोदाबाईने बशी खाली ठेवली, भिंतीला टेकली, पाय लांब केले. ऊद चढायला लागला तेव्हा तिने डोळे मिटले, कुणी न सांगता. तिच्या मनात काय आलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि राजनंदिनीने विचारलं नाही.

शहाजी मार्केटातून आला तो डोक्याखांद्यावर कांद्याची सालं घेऊन. दारातच थबकला. आत बायका गप्प, एक परकी बाई डोळे मिटून भिंतीला टेकलेली, चहा निवलेला.

"कोन गेलं?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"कुणी नाही," शालन म्हणाली. "ही बाजू संपली. तुम्ही उभेच आहात तर तेवढी उलटी करा."