शेवटची सहा पाने

मी एक जुनी इंग्रजी लघुकादंबरी आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड गोड ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका. इथे राहून माझे तोंड कडू झाले आहे.

दीडशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या एका बाईने मला लिहिले. माझी ही प्रत मात्र स्वस्त कागदावर दिल्लीत छापली गेली आणि यवतमाळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आली. माझ्यात एका कापडगिरणीच्या मालकाची गोष्ट आहे. सख्ख्या बहिणीने संपकरी मजुरांना जेवू घातले म्हणून तो तिला भर थंडीत घराबाहेर काढतो. पुढे म्हातारपणी तिला शोधत तिच्या दाराशी येतो. आपल्या भागात कापूस पिकतो, तेव्हा ही गोष्ट इथल्या मुलांना भिडेल असे मला वाटले होते. माझा भाबडेपणा, दुसरे काय.

माझ्या चाळिसाव्या पानावर लेखिकेने बर्फाचे वर्णन केले आहे. त्याच बर्फावर कोणाच्या तरी तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळलेल्या बोटांचा तपकिरी ठसा आहे. थुंकी लावून पाने उलटणाऱ्यांचे तर नावच काढू नका. एका परीक्षेत एका पोराने माझी शेवटची सहा पाने कॉपी करायला फाडली आणि मोज्यात खुपसली. पेपर संपल्यावर ती कॉलेजमागच्या नालीत गेली. तेव्हापासून गोष्टीतला म्हातारा दारावर थाप मारायला हात उचलतो आणि तिथेच पान संपते. वाक्यसुद्धा अर्धेच राहते.

त्यानंतर वामन सर इंग्रजी शिकवायला नोकरीवर आले. त्यांना नोट्स काढायच्या होत्या. त्यांनी मला नेले, ते अर्धे वाक्य पाहिले आणि खूश झाले. लेखिकेने मुद्दामच शेवट मोकळा सोडला, असे त्यांनी ठरवले. पंधरा वर्षे मी शेजारच्या खोलीतून त्यांचा आवाज ऐकते आहे. "लिहा. थीम तीन, तंत्रं पाच. पाचवं तंत्र, ओपन एंडिंग. वाक्य अपूर्ण ठेवून लेखिकेने निर्णय वाचकावर सोपवला आहे." पंधरा वर्षे पोरे हे पाठ करतात आणि पेपरात ओततात. फाडाफाडीला कलेचे नाव मिळाले, आणि एकालाही शंका आली नाही.

मग निकिता आली. बोरी अरबहून एसटीने येणारी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी. तिने मला घरी न्यायला मागितले तेव्हा ग्रंथपाल विमलताईंनी चष्मा वर केला.

"नोट्स भेटते ना सरच्या. पुस्तक कायले नेतेस?"

"ताई, मले नागपूरले एम.ए. करायचं हाय. प्रवेशाच्या यादीत नंबर नाही लागला तर घरचे म्हणते, झालं तेवढं बस झालं."

तिने मला एसटीत वाचले. हात धुऊन वाचले, हे मी विसरणार नाही. शेवटी बांधणीच्या दोऱ्यापाशी बोट फिरवून फाटलेली कडा चाचपली. मग मोबाईलवर पूर्ण पुस्तक शोधले, शेवटची सहा पाने वहीच्या कागदावर स्वतःच्या हाताने उतरवली आणि खळ लावून माझ्यात चिकटवली. मित्रांनो, त्यात काय आहे ते मीच सांगते. बहीण दार उघडते. भावाला माफ करत नाही, तसे तोंडावर सांगते. पण बाहेर थंडी आहे म्हणून त्याला आत घेते.

अंतर्गत परीक्षेत शेवटावरच प्रश्न आला. वर्गातल्या ऋतिकने तिला आधीच समजावले होते. "काहून डोकं लावून राह्यली? सर आपला पेपर तपासते, पुस्तक थोडीच तपासते."

निकिताने खरा शेवट लिहिला. न माफ करताही दार उघडता येते, हीच या गोष्टीची थीम आहे, असे लिहिले. ऋतिकला विसात अठरा मिळाले. तिला सात. खाली लाल शाईत शेरा होता, 'नोट्स वाचा.'

ती मला घेऊन सरांकडे गेली. "सर, पानं फाडलेली हायेत. मी लिहून लावली. एकदा पाहून घ्या ना. गुण अजून विद्यापीठात गेले नसन तर."

"ठेव तिथे," सर म्हणाले.

दुपारी खोलीत कोणी नव्हते. सरांनी मला उघडले आणि निकिताच्या अक्षरातली सहाही पाने वाचली. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी गठ्ठ्यातून तिचा पेपर काढला, पेनाचे टोपण उघडले. माझा जीव पानापानांत गोळा झाला. एक आकडा खोडायचा, दुसरा लिहायचा, एवढेच काम होते.

त्यांनी टोपण लावले. टेबलाच्या खणातून ब्लेड काढले आणि ती सहा पाने कापली. पहिल्या पोराने निदान घाईत, घाबरत फाडली होती. सरांनी पट्टी लावून, दोऱ्याला धक्का न लागू देता, सफाईने कापली.

सात गुण तसेच विद्यापीठात गेले आणि तिची टक्केवारी घसरली. नागपूरच्या यादीत निकिताचा नंबर लागला नाही. विमलताईंना ते कळले तेव्हा त्या माझ्या कपाटाशी उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, "लय वाईट झालं."

यंदा नवा वर्ग आला आहे. कालच शेजारून आवाज आला, "लिहा. पाचवं तंत्र."

मित्रांनो, मला कव्हर घालू नका, माझी धूळ पुसू नका. तुम्हाला शिकवणारे पुस्तक उघडे असेल तेव्हा त्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवा आणि काही कमी वाटले तर मोठ्याने विचारा. पंधरा वर्षे वामन सर मला न वाचता शिकवत होते, तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता ते मला वाचून शिकवतात. किळस येते ती त्याची.