समासातलं प्रश्नचिन्ह

एका धावपटूवरचा माहितीपट दाखवून बाईंनी दहावीच्या मुलांकडून निबंध लिहून घेतले होते. त्यांचा नियम एकच: विधान केलं की माहितीपटातला पुरावा द्यायचा, नाहीतर समासात लाल प्रश्नचिन्ह. शाळेसाठी धावणाऱ्या मुलीने लिहिलं होतं, ‘पाय दुखतो हे आईला कळतं, तरी ती गप्प बसते.’ माहितीपटात आई कुठेच नव्हती. बाईंनी सवयीने प्रश्नचिन्ह ठोकलं.

शाळा सुटल्यावर मुलगी आली आणि तिने मोजा खाली केला. घोटा सुजून काळानिळा पडला होता.

“हा घ्या पुरावा, बाई.”

बाई तडक क्रीडाशिक्षकांकडे गेल्या.

“तुम्ही निबंध तपासा, मैदान मी बघतो,” ते हसून म्हणाले.

हात हलवत परतलेल्या बाईंनी मुलीच्या आईला फोन लावला.

“उद्याची जिल्हा संघाची निवड तेवढी होऊ द्या हो, मग आरामच आहे,” आई म्हणाली. “तुम्हाला मूलबाळ?”

“दीड वर्षाची मुलगी आहे.”

“मग काय! कळेल तुम्हालाही.”

फोन बंद झाला. तोवर खाली मैदानावर सरावाची शिट्टी वाजली होती, आणि मुलगी रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी होती.