तारा डोक्यावर येणार

लोणावळ्याहून भरून आणलेली बॅटरी खांद्यावर घेऊन हौशीराम मळवलीच्या बांधावर पोचला तेव्हा चार वाजत आले होते. समोर पाहिलं आणि त्याचे पाय थबकले. कस्तुराबाईंच्या खाचरात बांबूंवर ताणलेल्या तारांच्या आठ रांगांपैकी शेवटच्या दोन नाहीशा झाल्या होत्या. नुसते बांबू उभे.

टाकव्याचा हौशीराम फिजिक्स घेऊन बीएस्सी झाला होता. भात निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या या खाचरात गेले चार महिने तो हा रेडिओचा ॲन्टेना सांभाळत होता. आज, एप्रिल १९७२ मधल्या या दिवशी, त्याच्या मुंबईच्या सरांनी हैदराबादहून मोठा फुगा आकाशात सोडला होता. फुग्याखाली गॅमा किरण मोजणारं यंत्र होतं. यंत्राचं आणि या तारांचं लक्ष्य एकच, सेकंदाला तीस ठोके देणारा एक तारा, म्हणजे पल्सार. गॅमाचे ठोके आणि रेडिओचे ठोके एकाच क्षणी पडतात का, हे पाहायचं होतं. या ताऱ्याचे ठोके दररोज किंचित मंदावतात. कालचा आकडा आज चालत नाही. दोन्ही नोंदी आजच्याच हव्यात, आणि दुसरा फुगा यंदा मिळणार नव्हता.

"मावशी, तारा कुटं गेल्या?"

त्या रिकाम्या बांबूंखाली कस्तुराबाई बायांना घेऊन राब रचत होत्या. टहाळ, त्यावर शेणी, वर माती. तो भाजला की त्याच राखेत भाताचं बी पडणार.

"तूच सकाळी वरडत गेलास की! 'साडेचारला तारा डोक्यावर येणार, ध्यान ठेवा!' म्हनलं, पडायच्या आदीच उतरवू. बाया वाकून काम करत्यात, येकीच्या टाळक्यात बसली म्हंजे?"

सकाळी गाडी पकडायला पळता पळता तो अगदी हेच बोलला होता.

"मावशी, आभाळातला तारा! साडेचारनंतर तो आपल्या डोक्यावर येतोय!"

"दिवसाढवळ्या?" बायांमधल्या चिमाबाईनं पदर तोंडाला लावला. "नाव लय शोभतं रं तुला, हौशीराम!"

"डोळ्यांना न्हाई दिसत. ह्या तारांना दिसतो."

"तारा ताऱ्याला बघनार! मग वायरला वायर म्हनावं की!" कस्तुराबाई हसल्या, पण लगेच कामावर आल्या. "आता उतरल्यात त्या ऱ्हाऊ दे. पाचला राब पेटवायचाय."

"साडेपाचपतुर थांबा, मावशी."

"राब वारा बघून भाजायचा, तारा बघून न्हाई."

सहा रांगांवर ते क्षीण ठोके सापडण्याची आशा नव्हती. पण हौशीरामनं विज्ञान सांगत बसायचं टाळलं. त्यानं मूठभर माती उचलली आणि हात वर करून सोडली. ती तिरपी उडत शेजारच्या पेंढ्याच्या गंजीकडे गेली.

"बघा वारा," तो म्हणाला.

कस्तुराबाईंनी गंजीकडे पाहिलं. "व्हय. साडेपाचशिवाय पडायचा न्हाई ह्यो. चला गं, चढवा त्याच्या वायरी!"

चिमाबाईनं प्रत्येक तार ज्या त्या बांबूखालीच ठेवली होती, भाताच्या पेंढीसारखी बांधून, सुटगाठ मारून. एक टोक ओढलं की मोकळी. बाया तारा वर देत होत्या, हौशीराम खुणेच्या काठीनं उंची मोजून बांधत होता. शेवटची गाठ बसली तेव्हा चार बेचाळीस झाले होते. साडेचारपासूनची बारा मिनिटं गेली ती गेली. वहीत त्यानं तसंच लिहिलं.

बांधावरच्या त्याच्या खोपटात टेप फिरू लागली. एका पट्टीवर दिल्लीहून रेडिओवर येणारी सेकंदांची टिकटिक, दुसरीवर आकाशाची खरखर. पलीकडच्या रुळांवरून विजेची गाडी गेली, तिच्या ठिणग्यांनी नोंदयंत्राच्या कागदावरचं पेन उड्या मारू लागलं. त्यानं तेवढ्या जागेवर फुली मारली. मग पेन हळूहळू चढायला लागलं. ठोके इतके बारीक की ते मुंबईच्या कॉम्प्युटरलाच निवडावे लागणार. पण त्या ताऱ्याभोवतीचा वायूचा तेजस्वी मेघ तारांच्या टप्प्यात आला होता, आणि रेघ अगदी त्यानं मांडलेल्या वेळेलाच, पाचला पाच कमी असताना, माथ्यावर पोचली. आठही रांगा जागेवर होत्या.

साडेपाचला तो बाहेर आला. कस्तुराबाईंनी मुठीतली माती सोडली. ती सरळ त्यांच्या पायांशी पडली.

"पडला वारा. तुजा तारा?"

"घावला, मावशी. आता त्या दोन रांगा उतरवू, मग पेटवा."

"काय उतरवू?" चिमाबाईनं मुद्दाम विचारलं.

"वायरी," हौशीराम म्हणाला.