विचारून दिलेली भूल

मित्रांनो, कितीतरी बाळं जन्माला येऊन पहिल्यांदा रडली ती माझ्यावर. मी प्रसूतिगृहातली एक जुनी लोखंडी खाट आहे. नवी होते तेव्हा अंगावर पांढराशुभ्र रंग होता. "खाट भक्कम आहे हो!" म्हणत डॉक्टर मला थोपटायचे. पुढे रंगाचे पोपडे निघाले, चाकं कुरकुरू लागली. त्याचं मला फारसं वाटलं नाही. वाईट वाटायचं ते माझे कठडे आवळून धरणाऱ्या हातांचं. कळा असह्य झाल्या की बाई विचारायची, "काही देता येईल का हो?" उत्तर ठरलेलं, "एवढं सोसावंच लागतं. ओरडू नका." दुखणं कमी करणारं औषध असायचं, पण त्याबद्दल बोलायला कुणाला सवड नसायची.

एकदा बस चालवणारी एक बाई दुसऱ्या बाळंतपणाला आली. सोबत सासूबाई. माझ्यावर टेकताच ती म्हणाली, "मागच्या वेळी मी विचारत राहिले आणि सगळे मला गप्प करत राहिले. या वेळी आधी नीट सांगा."

भूल देणाऱ्या डॉक्टर स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. कळ आली की थांबायच्या, ओसरली की पुढे बोलायच्या. "पाठीत बारीक नळी घालून औषध देता येतं. पाय जड होतात, रक्तदाब उतरू शकतो, क्वचित नंतर डोकं दुखतं. कधी पुरता गुणही येत नाही. नको असेल तर दुसरे उपाय आहेत."

"पाठ कायमची धरेल का? मला दिवसभर गाडी चालवायची असते."

"टोचल्या जागी थोडे दिवस दुखेल. कायमची धरत नाही."

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुझं तू ठरव, बाई. मला कुणी विचारलंच नव्हतं."

"द्या," ती म्हणाली.

हळूहळू कठड्यावरची तिची पकड सुटली. आणि काय सांगू, ती चक्क घोरू लागली! "बस डेपोत लागली वाटतं," सासूबाई पदरानं डोळे पुसत हसल्या. माझाही जीव भांड्यात पडला. पुढे वेळ झाल्यावर डॉक्टरांनी तिला उठवलं, तिनं जोर लावला आणि खणखणीत आवाजाची मुलगी झाली.

तेव्हापासून इथे प्रत्येकीशी आधी बोलतात. परवा एक म्हणाली, "मला भूल नको." तिचंही ऐकलं.

आता माझ्या जागी बटणावर वरखाली होणारी खाट येणार आहे. खुशाल येऊ दे. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी "दुखतंय" म्हणालं, तर "एवढ्यानं काय होतंय?" म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा, "कुठे?"