एका हाताचा लगाम

आईचं म्हणणं होतं की तिला पुण्याला परत जायचंय आणि सहकारनगरच्या घरात एकटीने राहायचंय. माझं म्हणणं होतं की नाही. असल्या वादांचा निकाल इतर घरांत डॉक्टर लावतात, नाहीतर मामा. आमच्या घरात तो केल्विनवर सोपवला होता. केल्विन हा घोडा आहे.

आदल्या वर्षी आईला पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ती उठली, चालायला लागली, बोलायला तर अँब्युलन्समध्येच लागली होती. डावा हात तेवढा मागे राहिला. तो अर्धवट मिटलेला असतो, मुठीत काहीतरी लपवल्यासारखा. मी तिला सिंगापूरला आणलं, मरीन परेडच्या माझ्या फ्लॅटमध्ये. तिची वेणी मी घालायचो. माझ्या हातची वेणी नेटवर्क केबलसारखी दिसते, पण आई तीच मिरवत देवळात जायची आणि कुणी बघितलं की म्हणायची, "अंकुरने घातलीय. इंजिनिअर आहे."

तिला एकाच गोष्टीचा राग यायचा. बसमध्ये, लिफ्टमध्ये, सरकत्या जिन्यावर, सगळीकडे कुणी ना कुणी तिचं कोपर धरायचं. मी तर सवयीने घरातही धरायचो.

"अरे, मी स्वयंपाकघरात चाललेय," ती म्हणायची, "केदारनाथला नाही."

तोल सुधारावा म्हणून फिजिओने घोड्यावर बसायचा सल्ला दिला. तसं दर शनिवारी आम्ही तबेल्यात जायला लागलो. आई केल्विनवर बसायची आणि शिकवणाऱ्या मिस चिया दोरी धरून पुढे चालायच्या. थोडे दिवस तिने सहन केलं. मग एकदा वरूनच मला विचारलं, "हे काय, मला माथेरानला आणलंयस का?"

"मग काय करू?"

"दोरी सोडायला सांग. ज्या दिवशी मी याला एकटीने, मला हवा तिकडे वळवेन, त्या दिवशी तू माझं तिकीट काढायचंस. कबूल?"

मी लगेच कबूल म्हटलं. तिथला लगाम दोन हातांचा असतो हे मी बघून ठेवलं होतं. उजवीकडे जायचं तर उजवा ओढायचा, डावीकडे जायचं तर डावा, आणि दोन्ही सतत थोडे ताणलेले ठेवायचे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी गोष्ट चालणार नाही हे आधी ओळखण्याचाच मला पगार मिळतो.

मिस चियांनी घात केला. त्या त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, "केल्विन ऑस्ट्रेलियात गुरांमागे पळायचा. तो वेस्टर्न, म्हणजे काउबॉय पद्धतीने शिकलेला आहे. एका हाताने चालतो. फक्त तसला लगाम आमच्याकडे नाही लाह."

"एका हाताने का?" मी विचारलं.

"दुसऱ्या हातात दोर असतो ना, गुरं पकडायला. तो हात मोकळा लागतो."

हे मी आईला मराठीत सांगितलं. सांगायलाच नको होतं.

"माझा दुसरा हात मोकळाच आहे," आई म्हणाली. घरातली एक खोली रिकामी आहे, कुणाला हवी असेल तर सांगा, अशा सुरात.

लगाम मागवावा लागला. खोक्यातून चामड्याचे पट्टे, बकलं, घोड्याच्या तोंडात अडकवायचं एक लोखंडी बिट आणि दोन लांब वाद्या निघाल्या. कसं जोडायचं याचा कागद नव्हता. मी व्हिडिओ बघितले. एक पट्टा घोड्याच्या कानांमागून जातो आणि दोन्ही गालांवरून खाली येतो. त्याला तोंडातलं बिट लटकतं. आमच्या लगामात कपाळपट्टी नव्हती. त्याऐवजी फक्त एका कानासाठी एक फासा होता. दुसऱ्या कानाने काय गुन्हा केला होता हे व्हिडिओत सांगितलं नाही.

बिटाला दोन्ही बाजूंना खाली लांब दांड्या असतात. वाद्या त्या दांड्यांच्या टोकाला लावायच्या. त्यामुळे हाताने जरासं उचललं की तोंडात आणि हनुवटीखाली बरंच जाणवतं. म्हणून हा लगाम ओढायचा नसतो. तो ढिला सोडायचा असतो. हनुवटीखाली आणखी एक छोटा पट्टा असतो. तो दोन बोटं जातील इतका सैल हवा. जास्त घट्ट केला तर घोड्याला छळ, जास्त सैल केला तर बिट तोंडात फिरतं आणि घोड्याला काही कळत नाही.

माप घ्यायला घोडा घरात नव्हता. मी ते माझ्याच डोक्यावर चढवलं. बिट हनुवटीवर घेतलं. तोंडात घ्यायला आईने मनाई केली.

"आता वळव कसं?" आई माझ्यामागे उभी राहून म्हणाली.

"ओढायचं नाही. दोन्ही वाद्या एकाच हातात. डावीकडे जायचं तर हात डावीकडे न्यायचा, म्हणजे उजवी वादी मानेला टेकते. टेकली की घोडा तिच्यापासून लांब, डावीकडे वळतो."

"नुसती टेकली की?"

"शिकलेला असेल तर."

"तू शिकलायस का?"

आम्ही खाली गेलो, कारण घरात सोफा आडवा येत होता. आमच्या ब्लॉकच्या तळाशी मोकळी जागा आहे आणि तिथे काका लोक बुद्धिबळ खेळतात. डोक्यात लगाम घालून मी पुढे, आणि एका हातात वाद्या धरून आई मागे. पहिल्यांदा तिने हिसकाच दिला. मला ओढून नेण्याची पंचवीस वर्षांची सवय होती. मग हळूहळू जमलं. मानेच्या उजव्या बाजूला चामडं नुसतं टेकायचं आणि मी डावीकडे वळायचो. खांबाला वळसा, टपालपेट्यांना वळसा, सायकलींच्या मधून. आईने इतक्या हलक्या हाताने मला आजवर काहीच करायला लावलं नव्हतं. शेवटी तर मी डोळे मिटून चाललो आणि कुठेही धडकलो नाही.

बुद्धिबळातले एक काका आईला म्हणाले, "युअर सन व्हेरी ओबीडियंट, आह."

"टुडे ओन्ली," आई म्हणाली.

मिस चियांनी पुढच्या शनिवारी परीक्षा ठेवली. शुक्रवारी मी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसमधून घरी आलो तर आई ओट्यापाशी उभी होती आणि बिट चांदीच्या निरांजनासारखं चमकत होतं.

"किती गंजलं होतं रे," ती म्हणाली. "नवीन म्हणून विकतात आणि असला माल देतात. चिंच-मीठ लावून घासलं. उद्या शुभ काम आहे."

एका हाताने घासलं होतं. बिट सिंकच्या कडेला पोटाने दाबून धरलं होतं, ते तिच्या कुडत्यावरच्या ओल्या डागावरून कळत होतं. मी म्हटलं, छान झालंय.

शनिवारी केल्विनने बिट तोंडात घेतलं, वरचा ओठ नाकापर्यंत गुंडाळला आणि ते बाहेर ढकललं. पुन्हा घेतलं, पुन्हा ढकललं. मिस चियांनी बिटाचा वास घेतला.

"आंटी, काय लावलं?"

"टॅमरिंड. सॉल्ट."

"आसाम?" इकडे चिंचेला आसाम म्हणतात, आणि तिच्या आंबट शेवयांच्या रश्श्याला आसाम लाक्सा. "आंटी, केल्विन आसाम लाक्सा खात नाही. आणि गंज कुठे गेला?"

"काढला."

"तो मुद्दाम असतो. या लोखंडावर गंज चढू देतात. त्याची चव गोडसर लागते, घोड्याच्या तोंडाला पाणी सुटतं, जबडा ढिला पडतो. त्या गंजाचेच जास्त पैसे लागतात."

मराठी घरात वाढलेल्या बाईला हे ऐकवणं सोपं नाही. परीक्षा झालीच नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या तोंडून "होतं असं" निघालं, आणि त्यात किती आनंद होता ते मलाच ऐकू आलं. तिलाही आलं असणार. तिने खिडकीकडे तोंड केलं. उतरून चालताना मी तिचं कोपर धरलं, तर तिने ते सोडवलंसुद्धा नाही. ते मला काही बरं वाटलं नाही.

रविवारी सकाळी उठलो तर बिट बाल्कनीत दोरीवर लटकत होतं. खाली वाटीत मिठाचं पाणी.

"काय करतेस?"

"गंजवतेय," आई म्हणाली. "इथे समुद्राची हवा आहे. मुरेल."

पण उत्साह नव्हता. लोणचं बिघडल्यावर पुन्हा फोडी करायला बसावं तशी ती बसली होती. एका दिवसाने थोडं शिंपडलं, मग विसरल्यासारखं केलं. बिट तसंच चकचकीत. मला आणखी काहीच करायचं नव्हतं. चिंच माझ्या बाजूने होती. नुसतं गप्प बसलो असतो तर आई इथेच राहिली असती, वेणी मीच घातली असती, आणि कुणी मला दोष दिला नसता.

मी ऑफिसला निघताना चपला घालून पुन्हा आत आलो आणि वाटीतलं पाणी बिटावर शिंपडलं. संध्याकाळी पुन्हा. आईने स्वयंपाकघरातून बघितलं.

"जास्त नको ओतू," ती म्हणाली. "खारट होईल."

मग आम्ही दोघं शिंपडायला लागलो. लोखंड आधी फिकट तांबूस झालं, मग गुळासारखं तपकिरी. आईने वासही घेऊन बघितला आणि म्हणाली, "झालं."

पुढच्या शनिवारी केल्विनने बिट तोंडात घेतलं आणि तो ते चघळायला लागला. त्याच्या ओठांच्या कडेला फेस आला. आई त्याच्याकडे असं बघत होती की जणू पाहुणा दुसऱ्यांदा वाढून घेतोय. कानामागचा पट्टा मी चढवला, एक कान फाशातून काढला. मी हनुवटीखालचा पट्टा बांधत होतो तेव्हा मिस चिया आईला चढायला मदत करत होत्या. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एक भोक सैल घेतलं असतं तर केल्विनला आईचा इशारा कळला नसता. मी दोन बोटं घालून बघितली. बरोबर दोन गेली. बकल लावलं.

मिस चियांनी दोरी सोडली.

आईने उजव्या हातात वाद्या घेतल्या. डावा हात मांडीवर ठेवला, अर्धवट मिटलेला. केल्विन सरळ चालत गेला, कुंपणापर्यंत. तिथे आईने हात जरासा डावीकडे नेला. काही झालं नाही. मला वाटलं, नाहीच होणार. मग वादी त्याच्या मानेवर टेकलेली दिसली, आणि केल्विन वळला. मोठा, संथ, हॉलमधलं कपाट कुणी एकट्याने सरकवावं तसा. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, अशा ठिकाणी जिथे वळायची काही गरज नव्हती. ती उगाच वळत होती. आई उगाच कुठे गेलेली मी कधीच बघितली नव्हती.

"थांबवा आता, आंटी," मिस चिया म्हणाल्या.

आई थांबली नाही. ती आमच्याजवळून गेली तेव्हा माझा हात आपोआप वर झाला, तिचं कोपर असेल तिथे. तिथे नुसता केल्विनचा खांदा होता. मी तोच थोपटला.

पुढच्या फेरीला ती जवळ आली तेव्हा मी बरोबरीने चालायला लागलो.

"तिकीट खिडकीजवळचं काढू का?" मी विचारलं.

आईने विचार केला. "नको. बाहेरची सीट घे. उजवा हात वाटेच्या बाजूला येईल अशी. म्हणजे मला उठता येईल."

"बरं."

"आणि तू सोडायला ये हां विमानतळावर."

"आतपर्यंत नाही सोडत कुणाला."

"माहितीये," आई म्हणाली. "बाहेरपर्यंतच ये," आणि वाद्या उजवीकडे नेऊन ती लांबच्या कुंपणाकडे गेली.